तेवढ्याच जाडीची केबल टाकली आणि मोटर उचलेना: तारेच्या रोधकतेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मीटरपेटीपासून विहीर ३०० मीटरवर आहे. ५ एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक मोटर आहे. आधी ४ स्क्वेअरची तांब्याची केबल होती, ती चोरीला गेली. दुकानदाराने तेवढ्याच जाडीची, म्हणजे ४ स्क्वेअरचीच ॲल्युमिनियमची केबल दिली आणि काम तेच होईल म्हणाला. आता सकाळी मोटर चालते, पण संध्याकाळच्या पाळीला घुरघुरते, लवकर उचलत नाही, उचलली तर तासाभरात स्टार्टर ट्रिप होतो. मुलगी नववीत आहे. ती म्हणते, पप्पा, ॲल्युमिनियमची रोधकता जास्त असते म्हणून असं होतंय. दुकानदार म्हणतो, पुस्तकातलं शेतात चालत नसतं. खरं कोणाचं?"

मुलीचं खरं आहे. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

मी तीस वर्षं मोटर रिवाइंडिंग आणि शेतातल्या वायरिंगचं काम केलं. "मोटर खराब आहे" म्हणून दुकानात आणलेल्या कित्येक मोटरींमध्ये दोष मोटरीचा नव्हताच. तो पेटीपासून विहिरीपर्यंतच्या केबलमध्ये होता. मोटर भरून न्यायची, दोन महिन्यांनी पुन्हा जळायची, आणि बोल मात्र रिवाइंडिंगवाल्याला. म्हणून हे उत्तर जरा लांब लिहितोय. हिशेब एकदा डोक्यात बसला की तुम्हाला कुणाला विचारायला लागणार नाही.

पुस्तकातलं सूत्र एवढंच: तारेचा रोध = रोधकता × लांबी ÷ आडव्या छेदाचं क्षेत्रफळ. लांबी तुमच्या हातात नाही, विहीर जिथे आहे तिथेच राहणार. क्षेत्रफळ म्हणजे ते "४ स्क्वेअर", चार चौरस मिलिमीटर. आणि रोधकता ही त्या धातूची स्वतःची खोड. ती तारेच्या लांबीने बदलत नाही, जाडीने बदलत नाही. दुकानदाराने तीनपैकी दोन गोष्टी जुळवल्या आणि तिसरी सोडून दिली.

तुम्ही दारं धरणारे, म्हणून पाटाचंच उदाहरण देतो. दोन पाट आहेत, दोन्ही दीड फूट रुंद, दोन्ही तितकेच लांब. एक सिमेंटचा, आतून गुळगुळीत. दुसरा मातीचा आणि गवत माजलेला. टेप लावली तर माप सारखंच भरेल, पण शेवटच्या सरीला पाणी पोचायला किती फरक पडतो ते तुम्हाला सांगायला नको. तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्यातला फरक तसा, आतल्या बाजूचा आहे. केबल हातात घेऊन तो कळत नाही.

आता आकडे. रोधकतेचं पुस्तकी एकक ओहम-मीटर. त्यात तांब्याची रोधकता १.७२ गुणिले दहाचा उणे आठवा घात अशी लिहितात. हे लक्षात ठेवायला अवघड जातं. मी माझ्या पोरांना वेगळ्या तऱ्हेने शिकवायचो: १ स्क्वेअरची तार किती मीटर घेतली की तिचा रोध १ ओहम भरतो? शुद्ध, मऊ केलेल्या तांब्याची ५८ मीटर, २० अंश तापमानाला. हा ५८ चा आकडा मनाचा नाही, १९१३ साली आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने तांब्याचं प्रमाण म्हणून हाच ठरवला आणि अजून जग तोच वापरतं. चांदीची साधारण ६३ मीटर लागते, म्हणजे तांब्यापेक्षा थोडीच सरस. ॲल्युमिनियमची ३५ मीटर. टंगस्टनची १८. लोखंडाची जेमतेम १०. आणि शेगडीच्या कॉइलमधल्या नायक्रोमची ९० सेंटिमीटर, एक मीटरसुद्धा नाही. लांबी जितकी कमी पुरते तितकी रोधकता जास्त. वेगवेगळ्या धातूंच्या, एकाच जाडीच्या तारा शेजारी ठेवल्यात तर त्यांच्या रोधात इतका फरक असतो.

इथे हुशार पोरं एक प्रश्न हमखास विचारतात. तांब्याचा अणू प्रवाहासाठी एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो, ॲल्युमिनियमचा तीन सोडतो. मग ॲल्युमिनियमच सरस वाहक असायला नको का? एका घनमीटरात मोकळे इलेक्ट्रॉन खरोखरच ॲल्युमिनियममध्ये तांब्याच्या दुपटीहून जास्त असतात. पण नुसती संख्या पुरत नाही. ते इलेक्ट्रॉन थरथरणाऱ्या अणूंवर आपटत, दिशा बदलत पुढे जातात, आणि ॲल्युमिनियममध्ये ही आपटाआपट तांब्यापेक्षा पुष्कळ जास्त. चालणारे जास्त आहेत, पण त्यांची वाट खडकाळ आहे. म्हणून शेवटी रोधकता तांब्याच्या १.६४ पट भरते.

आता तुमच्या विहिरीवर येऊ. केबल बनवणाऱ्या कारखान्यांसाठी आपल्याकडे आयएस ८१३० हे मानक आहे. कोणत्या मापाच्या तारेचा रोध किलोमीटरला जास्तीत जास्त किती असावा हे त्यात दिलंय. ४ स्क्वेअर तांबं: ४.६१ ओहम. ४ स्क्वेअर ॲल्युमिनियम: ७.४१ ओहम. तुमच्या ३०० मीटरला तांब्याचा एका फेजचा रोध झाला १.३८ ओहम, ॲल्युमिनियमचा २.२२.

मोटरीच्या पाटीवर साधारण ८ अँपिअर लिहिलेलं असेल. ते ४१५ व्होल्टला. संध्याकाळी सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू होतात तेव्हा तुमच्या पेटीत किती व्होल्ट येतात ते तुम्ही लिहिलं नाही, पण डीपीपासून, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांब असाल तर ३६० सहज असतील. तेवढंच पाणी उपसायचं, व्होल्टेज कमी, म्हणून मोटर करंट जास्त ओढते. ९ अँपिअर धरू. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरोखर कामी येणारा हिस्सा) ०.८५ धरून थ्री फेजचा हिशेब (१.७३ × करंट × रोध × पॉवर फॅक्टर) केला तर तांब्याच्या केबलमध्ये १८ व्होल्ट पडत होते, आता २९ पडतात. आम्ही केबलमधली घट ५ टक्क्यांच्या आत ठेवतो, म्हणजे ४१५ वर साधारण २१ व्होल्ट. जुनी केबल काठावर का होईना, आत होती. नवी बाहेर गेली. ३६० मधून २९ गेले, मोटरीच्या वाट्याला ३३१ उरले.

पण हा झाला चालू मोटरीचा हिशेब. तुमचं खरं दुखणं सुरुवातीला आहे. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी पाचसहापट करंट मागते. सहापट आणि सुरुवातीचा पॉवर फॅक्टर ०.६ धरून मी हिशेब मांडला. पेटीत ३६० व्होल्ट असताना मोटरीच्या टोकाला जुन्या केबलने सुमारे ३०३ पोचत होते, नव्या केबलने २७३ पोचतात. तीसच व्होल्टचा तर फरक, असं म्हणू नका. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जातो. पूर्ण ४१५ ला जो जोर मिळाला असता त्याच्या ५३ टक्के तुम्हाला पूर्वी मिळत होते, आता ४३ मिळतात. पंपाचा पंखा पाणी ढकलत वेग धरायला बघतो, जोर पुरत नाही, मोटर अर्ध्या वेगात अडकून घुरघुरते. तेवढा सगळा वेळ तो भारी करंट वाइंडिंगमधून वाहत असतो. सकाळी पेटीत ४०० च्या पुढे असतात म्हणून निभावून जातं.

इथे एक गैरसमज काढायलाच हवा, कारण तो वायरमन लोकांमध्येही आहे. "केबलला हात लावून बघितलं, गरम होत नाही, म्हणजे केबल बरोबर आहे." नाही. ४ स्क्वेअर ॲल्युमिनियमची केबल वीसेक अँपिअर सहज सोसते, तुमच्या ९ अँपिअरला ती कशाला तापेल? नव्या केबलमध्ये ५४० वॅट वाया जातात, पण ते ३०० मीटरभर पसरलेले आहेत, मीटरला दोन वॅटसुद्धा नाहीत. हाताला काय लागणार? केबल किती करंट सोसते हा एक प्रश्न आणि ती टोकाला किती व्होल्ट पोचवते हा दुसरा. घरातल्या दहा मीटर वायरिंगला पहिला प्रश्न महत्त्वाचा, शेतातल्या लांब केबलला दुसरा. दुकानातला तक्ता बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

मग काय घ्यायला हवं होतं? त्याच मानकाचा तक्ता नीट पाहिला की एक फार उपयोगी गोष्ट दिसते. ६ स्क्वेअर ॲल्युमिनियमचा आकडा आहे ४.६१, म्हणजे तंतोतंत ४ स्क्वेअर तांब्याइतका. १० स्क्वेअर ॲल्युमिनियम ३.०८, आणि ६ स्क्वेअर तांबंही ३.०८. ४ स्क्वेअर ॲल्युमिनियम ७.४१, आणि २.५ स्क्वेअर तांबंही ७.४१. तांब्याऐवजी ॲल्युमिनियम टाकायचं तर एक माप वर जायचं, की रोध तोच राहतो. दुकानदाराने तुम्हाला ॲल्युमिनियम दिलं यात त्याची चूक नाही, ४ चं दिलं ही चूक. तुमच्या हातात खरं तर २.५ स्क्वेअर तांब्याची केबल पडली, आणि ती ५ एचपीला ३०० मीटरवर तुम्ही कधीच घेतली नसती.

ॲल्युमिनियमला कमी लेखू नका. डीपीवर येणाऱ्या अकरा हजारांच्या लाइनकडे वर बघा. त्या तारा ॲल्युमिनियमच्याच, मध्ये पोलादाचा गाभा. लाइनमन ज्यांना रॅबिट, वीझल, डॉग म्हणतात त्या याच. पोलाद ताण सोसतं, करंट भोवतालच्या ॲल्युमिनियममधून जातो. कारण वजन. सारखाच रोध हवा असेल तर ॲल्युमिनियमची तार तांब्यापेक्षा जाड लागते खरी, पण वजनाला निम्मी भरते. खांबांवरून मैलोन्मैल तार न्यायची तर निम्मं वजन ही फार मोठी गोष्ट, आणि किंमतही कमी. चोराला मोहही कमी, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मुलीला आणखी एक सांगा, परीक्षेत हमखास फसवणारं. तीच तार ओढून दुप्पट लांब केली तर रोध दुप्पट होत नाही, चौपट होतो, कारण लांबी वाढली तशी जाडीही उतरली. पण रोधकता तीच. आणि तारेचा व्यास दुप्पट केला तर रोध निम्मा नाही, पाव होतो. गेजच्या तक्त्यावरून व्यास बघून वायर निवडणारे इथेच चुकतात.

रोधकता जास्त म्हणजे धातू वाईट, असंही नाही. काम कोणतं त्यावर आहे. २००० वॅटची शेगडी घ्या. २३० व्होल्टला तिच्यातून ८.७ अँपिअर जातात आणि तिच्या कॉइलचा रोध साडेसव्वीस ओहम लागतो. अर्ध्या मिलिमीटर व्यासाची नायक्रोमची तार घेतली तर पावणेपाच मीटरमध्ये काम भागतं, गुंडाळी करून ती शेगडीच्या खाचेत बसते. तीच कॉइल तांब्याच्या तेवढ्याच तारेची करायची म्हटलं तर ३०० मीटर तार लागेल. तुमच्या विहिरीपर्यंत जाईल इतकी तार एका शेगडीत! शेगडीची दोरी (प्लगपासूनची वायर) आणि कॉइल यांतून करंट एकच जातो, कारण ती एकामागोमाग जोडलेली आहेत. तरी दोरी गार राहते आणि कॉइल लाल होते. जिथे रोध जास्त तिथे उष्णता जास्त. तुमच्या केबलला आणि मोटरीलाही हाच नियम लागू आहे. विजेने तापावं कॉइलमध्ये, फिरावं मोटरीत, आणि केबलमधून तिने काही न करता निघून जावं, एवढंच आपल्याला हवं असतं.

आता तापमान. वर दिलेले सगळे आकडे २० अंशांचे आहेत. एप्रिलमध्ये बांधावर उघडी पडलेली काळी केबल ६० अंशांपर्यंत जाते. तांबं काय, ॲल्युमिनियम काय, दर अंशाला रोध ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ४० अंशांनी साधारण १६ टक्के. पाण्याची गरज सगळ्यात जास्त तेव्हाच केबल सगळ्यात वाईट वागते. जमिनीत अडीच फूट गाडली तर ती गार राहते, नांगराच्या फाळापासूनही वाचते.

हीच गोष्ट आम्ही रिवाइंडिंगवाले उलट वापरतो, आणि तुमच्या मोटरीवर करून बघण्यासारखी आहे. सकाळी मोटर गार असताना, मेन स्विच बंद करून, वायरी सोडवून, दोन टोकांमधला रोध मोजायचा. समजा ३० अंश हवेत ४.० ओहम आला. मग मोटर दोन तास चालवायची, बंद केल्या केल्या पुन्हा तीच दोन टोकं मोजायची. समजा ५.२ आला. तांब्याच्या वाइंडिंगसाठी सकाळच्या तापमानात २३४.५ मिळवायचे, २६४.५ झाले. ५.२ भागिले ४.०, म्हणजे १.३ ने गुणायचं, ३४३.९. त्यातून २३४.५ वजा केले की १०९ अंश. हे आतल्या तारेचं सरासरी तापमान. बाहेरच्या बॉडीला हात लावून ते कधीच कळणार नाही. बी वर्गाचं इन्सुलेशन १३० अंशांपर्यंत टिकतं. १०९ असेल तर धकेल, १३० च्या जवळ जात असेल तर त्या केबलवर मोटर चालवणं आजच थांबवा. मोटरीचं वाइंडिंग ॲल्युमिनियमचं असेल, हल्ली असतं, तर २३४.५ ऐवजी २२५ धरा. या एका मोजमापाने मी कित्येक मोटरी जळायच्या आधी वाचवल्या आहेत.

(बल्बची तारही अशीच. १०० वॅटचा जुना बल्ब गार असताना मोजला तर चाळीसेक ओहम दाखवतो, पेटल्यावर ५२९ होतात. टंगस्टन हजारो अंशांवर जातं म्हणून. मुलीला शाळेत हा प्रयोग करून बघायला सांगा, मोजायचा मात्र सुटा, होल्डरमधून काढलेला बल्ब.)

आता भेसळ, कारण पुढच्या वेळी तांब्याची वायर घ्यायला जाल तेव्हा हे उपयोगी पडेल. रोधकता अशुद्धीला फार हळवी असते. ही गोष्ट जगाला कळली ती समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकताना. १८५७ साली विल्यम थॉमसनने, पुढे लॉर्ड केल्विन झाला तो, बाजारातल्या तांब्याचे नमुने तपासले आणि दिसायला सारख्या तारांच्या वाहकतेत प्रचंड तफावत आढळली. १८५८ ची अटलांटिकखालची पहिली केबल जेमतेम तीन आठवडे चालली. ती बंद पडण्याची कारणं वेगळीही होती, पण पुढच्या केबलींना तांब्याची शुद्धता मोजून घेण्याची अट आली. आज वायरचं तांबं विजेच्या साहाय्याने शुद्ध केलेलं असतं ते म्हणूनच. फ्रिज-एसीच्या नळीचं तांबं दिसायला तसंच लालसर, पण त्यात सांधकामाच्या सोयीसाठी अगदी किंचित, शेकड्याला चार शतांशापर्यंत, फॉस्फरस घातलेला असतो. तेवढ्यानेच त्याची वाहकता १० ते २५ टक्क्यांनी उतरते. भंगारातलं तांबं नीट शुद्ध न करता ओढलेली तार अशीच फसवते.

त्याहून मोठी फसवणूक म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. एका नव्या घराच्या वायरिंगसाठी मालकाने स्वस्तात मिळाली म्हणून १.५ स्क्वेअरची ९० मीटरची गुंडाळी आणली होती. हातात घेतली तशी हलकी वाटली. त्या मापाच्या गुंडाळीत नुसतं तांबंच सव्वा किलोच्या आसपास असायला हवं, ही सगळी मिळून तेवढीही भरेना. मी तिथेच टेंपोची १२ व्होल्टची बॅटरी, हेडलाइटचा बल्ब आणि गुंडाळी एकामागोमाग जोडली. करंट ३.४ अँपिअर. गुंडाळीच्या दोन टोकांवर मीटर लावला, ६.१ व्होल्ट. भागाकार केला, १.८ ओहम. माझ्याकडे एक खात्रीची गुंडाळी होती, तेवढीच लांब, तेवढ्याच मापाची. तीच जोडणी: ३.९ अँपिअर, ४.५ व्होल्ट, १.१५ ओहम. तक्त्यात लवचिक तारेला किलोमीटरला १३.३ ओहम दिलेत, ९० मीटरला १.२ च्या आत यायला हवं. मग एक तंतू ब्लेडने खरवडला. लाल गेलं, आतून पांढरं निघालं. मालकाचा चेहरा अजून आठवतो. भिंती अजून बंद झाल्या नव्हत्या म्हणून ती सगळी वायर ओढून काढता आली.

मल्टिमीटरचा ओहमचा काटा थेट लावून हे मोजायला जाऊ नका, निदान त्यावर पैज लावू नका. मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध पाव-अर्धा ओहम असतो. एक ओहम मोजताना अर्ध्या ओहमची चूक चालत नाही. आधी दोन टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करा, नाहीतर मी केलं तसं करा: करंट एका मीटरने, व्होल्ट थेट गुंडाळीच्या टोकांवर दुसऱ्या मीटरने. यात सांध्यांचा आणि मीटरच्या वायरींचा रोध हिशेबात येतच नाही.

सांध्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. सूत्रात धातूची रोधकता आहे, सांधा नाही. पण शेतात निम्मे दोष सांध्यात सापडतात. ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो थर जवळपास वीज अडवणाराच असतो. तुमच्या मोटरीच्या वायरी तांब्याच्या, केबल ॲल्युमिनियमची. वायरमनने दोन्ही नुसत्या पिळून टेप मारला असेल, तर दव आणि पावसाचं पाणी लागून त्या सांध्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी पडते आणि सांधा तापतो. शिवाय स्क्रूखाली दाबलेलं ॲल्युमिनियम हळूहळू सरकतं, वर्षभराने तोच स्क्रू ढिला लागतो. तांबं-ॲल्युमिनियम जोडायचे खास दोन धातूंचे थिंबल मिळतात, ते क्रिंप करून घ्या, आधी तार घासून ऑक्साइड काढा आणि त्यासाठीची पेस्ट लावा. मोटर चालू असताना एखादा सांधा बाकीच्यांपेक्षा तापतोय का, ते मेन बंद केल्या केल्या लगेच, टेस्टरने वीज नसल्याची खात्री करून, हाताने बघा.

आता तुम्ही काय करायचं ते. आधी तीन आकडे वहीत लिहा: संध्याकाळी मोटर बंद असताना पेटीतले व्होल्ट, मोटर चालू असताना पेटीतले व्होल्ट, आणि त्याच वेळी विहिरीवरच्या स्टार्टरला येणारे व्होल्ट. दुसऱ्यातून तिसरा वजा केला की केबलमध्ये किती पडतात ते कळेल. माझ्या हिशेबाने ३० च्या आसपास येतील. ४० च्या वर आले तर केबलच्या जोडीला सांधेही वाईट आहेत. आणि पेटीतच ३३० येत असतील तर तांब्याची कितीही जाड केबल टाका, उपयोग नाही. ते दुखणं डीपीचं किंवा लाइनचं, त्यासाठी वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा.

केबल बदलायची तर १० स्क्वेअरची ॲल्युमिनियम घ्या. तिच्यात १२ व्होल्ट पडतील, म्हणजे चोरीला गेलेल्या तांब्यापेक्षाही कमी. ६ ची घेतलीत तर पूर्वीइतकंच चालेल.

पण आत्ताच घेतलेली ३०० मीटर केबल फेकायला माझा जीव होत नाही, तुमचाही होणार नाही. तिच्या जोडीला अगदी तीच, त्याच मापाची, तेवढ्याच लांबीची दुसरी केबल टाका आणि दोन्ही समांतर जोडा. क्षेत्रफळ ८ स्क्वेअर झालं, रोध निम्म्यावर, १.११ ओहम. घट पंधरा व्होल्टच्या आत येते. नव्या १० च्या भावापेक्षा हे स्वस्त पडतं का ते तुमच्या गावच्या दुकानात विचारून घ्या. एक काळजी मात्र डोळ्यांत तेल घालून घ्या: दोन्ही केबलींचे लाल-लाल, पिवळा-पिवळा, निळा-निळा दोन्ही टोकांना एकत्र आले पाहिजेत. रंगावर विसंबू नका, मेन बंद ठेवून एकेक तार मीटरने वाजवून बघा, मगच जोडा. एका टोकाला दोन फेज चुकून एकत्र आले तर स्विच टाकताक्षणी शॉर्ट होईल. दोन्ही केबली एकाच स्विचखाली घ्या, म्हणजे स्विच पाडला की दोन्ही मेल्या. आणि दर पावसाळ्याआधी क्लॅम्प मीटर लावून दोन्हींतून सारखा करंट जातोय का ते बघत जा. एकीत ९ आणि दुसरीत शून्य दिसलं तर एक तार कुठेतरी तुटली आहे, मोटर चालतच राहील पण तुम्ही पुन्हा त्या जुन्या घुरघुरीवर आलेले असाल.

तीन आकडे मिळाले की कळवा. मोटरीचा गार आणि गरम रोधही मोजलात तर तोही लिहा. ते मोजायचं काम मुलीला वहीत उतरवायला सांगा, स्विच मात्र तुम्हीच हाताळा.